आधी गॅलऱ्या, मग मेळा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी दुबईच्या कलावारीचा सविस्तर बेत

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, दुबईत कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी, कुणाचा कॉलेजमधला मित्र सापडतोच. त्यामुळे दुबईला आपलं जाणंही बरंच होतं. बुर्ज खलिफा, सोन्याचा बाजार, वाळवंटातली सफारी, मॉल असा आठवडा भरून जातो. त्याच शहरात दरवर्षी वसंतात आर्ट दुबई नावाचा समकालीन कलेचा मोठा मेळा भरतो. तिथून टॅक्सीने थोड्याच अंतरावर जुन्या गोदामांमध्ये डझनावारी गॅलऱ्या वर्षभर उघड्या असतात, आणि त्यांना तिकीट नाही. चित्रं-शिल्पं पाहायची आवड असलेल्या, पण खरेदीची ऐपत नसलेल्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं परदेशी ठिकाण मला माहीत नाही.

सुरुवातीलाच माझं ठाम मत सांगते, कारण पुढचा सगळा बेत त्यावर उभा आहे. मेळ्यात कला नीट पाहून होत नाही, तिथे फक्त ओळख होते. पाहायचं असेल तर गॅलरीतच जायला हवं. म्हणून आधी गॅलऱ्या, मग मेळा, आणि मेळ्यात जे आवडलं त्याच्या मागावर पुन्हा गॅलऱ्या, असा क्रम ठेवा. बहुतेक लोक उलट करतात. पहिल्याच दिवशी मेळ्यात शिरतात, दोन तासांत डोळे थकतात आणि 'आपल्याला यातलं काही कळत नाही' म्हणत परततात. कळण्याचा प्रश्न नसतोच, क्रम चुकलेला असतो.

तारखा आधी, विमानाचं तिकीट नंतर

आर्ट दुबई २००७ साली सुरू झाला. मदिनत जुमैरा हे त्याचं नेहमीचं ठिकाण. २०२१ साली कोविडमुळे तो शहराच्या आर्थिक केंद्रात, म्हणजे डीआयएफसीमध्ये हलवावा लागला होता, पुढच्या वर्षी परत आला. मेळा साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतो, पण तारखा रमजान पाहून ठरतात आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. म्हणूनच २०२४ मध्ये मेळा मार्चच्या पहिल्या तीन दिवसांत झाला आणि २०२५ मध्ये १८ ते २० एप्रिलला. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून तिकीट काढू नका. मेळ्याच्या संकेतस्थळावर तारीख जाहीर झाली की मगच विमान पाहा.

सर्वांसाठीचे दिवस अलीकडे शुक्रवार ते रविवार असे असतात. त्याआधीचे दिवस निमंत्रितांचे, म्हणजे संग्राहकांचे आणि संग्रहालयवाल्यांचे. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मेळ्यात सर्वाधिक गर्दी होते. जमलं तर शुक्रवार धरा. बुधवारी पोहोचायचं आणि रविवारी रात्री निघायचं, म्हणजे गुरुवार ते रविवार असे चार दिवस हाती येतात.

घरात शाळेची मुलं असतील तर हा काळ नेमका वार्षिक परीक्षेचा असतो. अशा घरांनी मेळ्याचा हट्ट सोडून दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत नुसत्या गॅलऱ्या पाहायला जायलाही हरकत नाही. थंडीत दुबईची हवाही सुखाची असते. उन्हाळ्यात मात्र नको. ऊन तर सोसत नाहीच, शिवाय बऱ्याच गॅलऱ्यांचा तो मंद हंगाम असतो.

जाण्यापूर्वी काळा घोडा

ही पायरी गाळू नका. ठाण्याहून किंवा वाशी-नेरुळहून लोकलने सीएसएमटी, तिथून फोर्टमधून चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद. एवढं बघून लोक परततात, पण तुम्ही थोडं पुढे जा. फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर केमोल्ड आहे. केकू आणि खोर्शेद गांधींनी १९६३ मध्ये सुरू केलेली ही गॅलरी पूर्वी जहांगीरच्याच इमारतीत होती. कुलाब्यात झवेरी कंटेम्पररी आहे. या गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. खाली पाटी लहान असते, जिना चढून दार ढकलावं लागतं.

ते दार ढकलण्याचा सराव हाच इथला मुख्य धडा. आत पांढऱ्या भिंती, टेबलामागे लॅपटॉपवर काम करणारी एखादी मुलगी आणि बाकी शांतता. आपल्याला वाटतं, हिला कळलं असेल की आपण काही घेणार नाही. तिला ते माहीत असतं आणि त्याचं तिला काहीच वाटत नाही. पाहायला माणसं येणं ही गॅलरीची गरज असते. आत जा, मान हलवून नमस्कार करा, माहितीचा कागद मागून घ्या, हव्या तितक्या वेळ पाहा, निघताना आभार माना. दुबईतही हेच करायचं आहे. जो फोर्टात बुजला नाही तो अल कूझमध्ये, म्हणजे दुबईतल्या गॅलऱ्यांच्या भागात, बुजणार नाही.

जिना चढणं आईबाबांना जमत नसेल तर ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनात प्रदर्शनं लागतात, तिथून सुरुवात करा.

व्हिसा, पैसे, सामान

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो, विमान कंपनी किंवा ट्रॅव्हल एजंटकडून होतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद छापून जवळ ठेवा. अमेरिका किंवा युरोपचा वैध व्हिसा असलेल्या काहींना पोहोचल्यावरही व्हिसा मिळतो, पण अटी बदलत राहतात, तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी पाहून घ्या.

दिरहॅम अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. हे लक्षात असू द्या, कारण मेळ्यात किमती बहुधा डॉलरमध्ये सांगतात. हॉटेलच्या भाड्यावर दर रात्री दर खोलीमागे ७ ते २० दिरहॅम पर्यटन शुल्क वेगळं पडतं, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे.

सामानाबाबत एक गोष्ट अगदी बजावून सांगते: खसखस नेऊ नका. तिकडे तिच्यावर बंदी आहे. आपण नातेवाइकांसाठी घरचा मसाला, अनारसे, लाडू बांधून नेतो आणि त्यात खसखस असते हे लक्षातच येत नाही. डब्यातला मसाला विकतचा असेल तर वेष्टनावर घटक वाचा, घरचा असेल तर खसखस न घालता वेगळा करून घ्या. औषधांचंही तसंच. कोडीनसारखे घटक असलेलं खोकल्याचं औषध आणि काही वेदनाशामक गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी, आणि शंका असेल तर आधी चौकशी करा.

बाकी: चालण्याचे मळलेले, पायाला सरावलेले बूट (नवे नकोत), पातळ शाल किंवा जाकीट, पाण्याची बाटली, एक वही, एक पेन्सिल. शाल वाळवंटात कशाला, असं वाटेल. पण बाहेर तीस-बत्तीस अंश आणि आत एसीचा असा गारठा की पंधरा मिनिटांत खांदे आखडतात. वही मात्र खरोखरच हवी, तिचं काम पुढे येईलच.

विमान मुंबईच्या टी-२ वरून धरत असाल तर एक तास जास्त हाताशी ठेवून घरातून निघा. तिथे 'जय हे' ही राजीव सेठींच्या देखरेखीखाली उभी राहिलेली सुमारे तीन किलोमीटरची कलाभिंत आहे, हजारो वस्तू आणि चित्रं असलेली. सुरक्षा तपासणीनंतर ड्यूटी फ्रीत वेळ घालवण्यापेक्षा भिंतीच्या कडेने चाला. उड्डाण तीन तासांच्या आसपास, आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

राहणं आणि फिरणं

मदिनत जुमैरामध्ये राहण्याची काही गरज नाही, ते फार महाग आहे. करामा किंवा बर दुबईत राहा. तिथे मराठी कानावर पडतं, थाळी मिळते, वडापावही मिळतो आणि मेट्रो जवळ असते. नातेवाइकांकडे उतरत असाल तर एकच करा: त्यांना आधीच सांगा की तीन दिवस आमचे आम्ही फिरणार आहोत. नाहीतर मायेपोटी ते रजा काढतात, गाडीतून मॉल दाखवतात आणि गॅलऱ्या राहून जातात.

मेट्रोसाठी नोल कार्ड घ्या. चंदेरी कार्ड २५ दिरहॅमचं, त्यात १९ दिरहॅम प्रवासाला शिल्लक असतात. महिला आणि मुलांसाठी वेगळा डबा आहे. त्यात चुकून शिरलेल्या पुरुषाला १०० दिरहॅम दंड होतो. डब्यात खाणं-पिणं, च्युइंग गमसुद्धा, तितक्याच दंडाचं. स्थानकांची नावं प्रायोजकांप्रमाणे बदलतात, त्यामुळे जुन्या लेखातलं नाव (याही लेखातलं) धरून बसू नका, नकाशात ठिकाण टाका.

मेट्रो पुष्कळ ठिकाणी नेते, पण शेवटचा टप्पा बहुतेक वेळा टॅक्सीचा असतो. अल कूझ आणि मदिनत, दोन्हीकडे स्थानकापासून चालत जाणं नकाशावर सोपं दिसतं, उन्हात सोपं नसतं. मदिनतसाठी मॉल ऑफ द एमिरेट्स स्थानकावर उतरा आणि तिथून टॅक्सी करा. चौघं असाल तर माणशी खर्च किरकोळ येतो.

गुरुवार: अल कूझची गोदामं

अल कूझ हा औद्योगिक भाग. टॅक्सी वळते तेव्हा दोन्ही बाजूंना गॅरेज, टायरची दुकानं, फर्निचरची गोदामं दिसतात. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत वावरलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. २००८ च्या सुमारास अब्देलमोनेम बिन ईसा अलसरकाल यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेतल्या इथल्या गोदामांत गॅलऱ्यांना जागा द्यायला सुरुवात केली. पुढे शेजारच्या संगमरवराच्या कारखान्याच्या जागेवर विस्तार झाला. हीच अलसरकाल अव्हेन्यू. उभ्या-आडव्या गल्ल्या, एकसारखी करड्या पत्र्याची गोदामं, प्रत्येकावर क्रमांक.

सकाळी अकराच्या सुमारास पोहोचा. त्याआधी बरीच दारं बंद असतात. साप्ताहिक सुट्टी गॅलरीगणिक वेगळी आहे आणि रविवारी बंद असणाऱ्याही आहेत. म्हणूनच हा दिवस गुरुवारी ठेवला. मेळ्याच्या आठवड्यात इथे अलसरकाल आर्ट वीक असतो, तेव्हा नव्या प्रदर्शनांची उद्घाटनं, कलाकारांशी गप्पा, फेरफटके असं पुष्कळ काही सुरू असतं, बहुतेक विनामूल्य. प्रवेशापाशी नकाशा मिळतो, तो घ्या आणि सगळं पाहायचं नाही हे मनाशी ठरवा. पाच-सहा गॅलऱ्या पुरेत.

पहिली कुठली? आपल्यासाठी मी इशारा आर्ट फाउंडेशन सुचवेन. स्मिता प्रभाकर यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था दक्षिण आशियातल्या समकालीन कलेला वाहिलेली आहे. सुरुवातीच्याच वर्षात इथे झरीना आणि शिल्पा गुप्ता या कलाकारांचं एकत्र प्रदर्शन झालं होतं. झरीना अलीगढच्या, आयुष्य जगभर फिरण्यात गेलेलं, शिल्पा गुप्ता मुंबईच्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या. घर आणि सीमा हे दोघींचे विषय, आणि तेही अशा शहरात जिथली बहुसंख्य माणसं दुसऱ्या देशातून आलेली. आपल्या ओळखीचे संदर्भ असलेल्या जागेतून सुरुवात केली की डोळा सैलावतो, पुढचं अनोळखी काम सोपं जातं. इथे विक्री नसते, त्यामुळे संकोचही उरत नाही.

दुसरी द थर्ड लाइन, २००५ पासूनची. इराण आणि अरब देशांतल्या कलाकारांचं काम इथे सातत्याने दिसतं. तिसरी इसाबेल व्हॅन डेन एंडे यांची गॅलरी, आणि तिथे हसन शरीफ यांचं काम आहे का, हे विचाराच. शरीफ (१९५१ ते २०१६) हे अमिरातीतल्या वैचारिक कलेचे, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यामागच्या कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेचे, आद्य पुरुष. तेलाच्या पैशाबरोबर बाजार स्वस्त वस्तूंनी भरून गेला, तेव्हा त्यांनी त्याच वस्तू उचलल्या. पुठ्ठे, काथ्या, चपला, तांब्याची तार, चिंध्या कापायच्या, वळायच्या, बांधायच्या आणि ढीग लावायचा.

माझी आत्या नौपाड्यात आयुष्यभर शिवणकाम शिकवत आली. अशाच एका ढिगासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग वाकून तिने एक गाठ पाहिली, तिच्या शेजारची पाहिली, आणि हात मागे धरूनच मला म्हणाली, "अगं, प्रत्येक गाठ हाताची आहे. एकही दुसरीसारखी नाही. किती दिवस बसला असेल हा माणूस!" टेबलाशी बसलेली मुलगी उठून आली. आत्याने हिंदीत विचारलं, "ये बांधा कैसे?" त्या मुलीने शरीफ कसे बसायचे, एकच कृती तासन् तास कशी करायचे, हे सगळं सांगितलं. 'याचा अर्थ काय' असं विचारलं असतं तर छापील कागद हातात मिळाला असता.

यातून नव्या पाहणाऱ्याला एक उपाय मिळतो. अर्थ नंतर. आधी वस्तू कशाची आहे, कशी केली आहे, किती वेळ लागला असेल, कुठे जोड आहे, कडा कशी संपवली आहे, हे पाहा. शिवण, सुतारकाम, स्वयंपाक, यंत्रं, यांतलं काहीही ज्याला येतं त्याला हे प्रश्न येतात. विचारायचे असतील तर तेच विचारा. हात मात्र लावू नका, आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण जमिनीवर ठेवलेलं काम त्यांना खेळण्यासारखं वाटतं.

दुपारी तिथल्याच एखाद्या कॅफेत टेका. मग काँक्रीट नावाची इमारत बाहेरून तरी पाहाच. वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेने चार गोदामं एकत्र करून ती २०१७ मध्ये तयार केली. समोरची भिंत अर्धपारदर्शक, आणि इतर बाजूंच्या काँक्रीटमध्ये आरशाच्या काचेचे कण मिसळलेले. उन्हात जवळ गेलं की भिंत चमचमते. आत आठ मीटर उंचीच्या चार भिंती फिरतात आणि सरकतात, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला जागेचा आकार बदलता येतो.

उरलेल्या वेळात वन बाय वन ही भारतीय समकालीन कलेची गॅलरी, आणि ग्रीन आर्ट, लॉरी शबीबी, ग्रे नॉइझ यांपैकी जिथे दारातून आत ओढ वाटेल ती. संध्याकाळी सिनेमा अकीलमध्ये काय लागलंय तेही पाहा, छोटं स्वतंत्र चित्रपटगृह आहे.

रात्री झोपण्यापूर्वी वहीत तीन नावं लिहा: आज आवडलेले तीन कलाकार. फोटोवर भिस्त ठेवू नका. दुसऱ्या दिवशी दोनशे फोटोंमध्ये कुठलं काम कुणाचं ते कळत नाही.

शुक्रवार: मेळा

मदिनत जुमैरा हे समुद्रकाठचं विश्रामनगर. जुन्या अरबी घरांच्या धर्तीवरचे वारा पकडणारे मनोरे, मधून खेळवलेले कालवे, त्यांत फिरणाऱ्या होड्या, आणि मागे बुर्ज अल अरबचं शीड. वाळवंटाच्या काठावर इतकं पाणी खेळवलेलं पाहून पहिली वीस मिनिटं त्यातच जातात, जाऊ द्या. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं बरं. दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. पोटभर जेवून जा, आतली खाण्याची ठिकाणं महाग आहेत आणि रांगा असतात.

मेळ्यात शंभरहून जास्त गॅलऱ्या, साठेक शहरांतून आलेल्या. ढोबळ विभाग चार. पहिला आणि सर्वांत मोठा समकालीन. दुसरा मॉडर्न, २०१४ पासूनचा, विसाव्या शतकातल्या कलाकारांचा. तिसरा बव्वाबा, यात प्रत्येक बूथवर एकाच कलाकाराचं नवं काम असतं. चौथा डिजिटल, २०२२ मध्ये सुरू झालेला. विभाग वेगवेगळ्या दालनांत आहेत आणि मध्ये बरंच चालावं लागतं. आईबाबा बरोबर असतील तर दालनांच्या वाटा आधी नकाशात पाहून घ्या, बसायच्या जागा हेरून ठेवा.

माझी पद्धत तीन फेऱ्यांची आहे.

पहिली फेरी न थांबता. पाऊण तास. एकाही बूथमध्ये शिरायचं नाही, मार्गिकेतून चालत राहायचं, आणि जिथे मान आपोआप वळली त्या बूथचा क्रमांक नकाशावर खुणावायचा. कारण शोधायचं नाही. कदाचित रंग असेल, कदाचित आकार. काल वहीत लिहिलेल्या तीन नावांपैकी कुणी दिसलं तर तीही खूण.

मग बाहेर कालव्याच्या काठी पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या, खुणा मोजा. पंधराहून जास्त असतील तर दहावर आणा.

दुसरी फेरी फक्त त्या दहा ठिकाणी, प्रत्येकी दहा मिनिटं. पाच मिनिटं लांबून, पाच जवळून. भिंतीवरची चिठ्ठी शेवटी वाचा. तिच्यावर कलाकाराचं नाव, जन्मवर्ष, कामाचं नाव, माध्यम, माप असतं. 'एडिशन ५' असं दिसलं तर त्या कामाच्या पाच प्रती आहेत, छायाचित्रं, छापचित्रं, व्हिडिओ यांच्या बाबतीत हे नेहमीचं. शेजारी लाल टिकली म्हणजे विकलं गेलं.

तिसरी फेरी एकाच कामासाठी. ज्याच्यापाशी परत जावंसं वाटतं त्याच्यासमोर जा आणि पेन्सिलीने वहीत त्याचं वेडंवाकडं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी काढा. रेघ ओढताना लक्षात येतं की डावीकडचा मोठा काळा भाग खरं तर निळा आहे, किंवा चौकोन चौकोनच नाही. नुसतं बघताना मला ते कधी दिसत नाही.

मॉडर्न विभाग आपल्याला विशेष जवळचा वाटण्याचं कारण आहे. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या कलाकारांचा प्रोग्रेसिव्ह गट मुंबईत उभा राहिला. त्याच काळात बगदाद, कैरो, तेहरान, कराची इथेही स्वतःची आधुनिक भाषा शोधणं चाललं होतं. आपण नेहमी मुंबई आणि पॅरिस एवढंच जोडतो. इथे मुंबईच्या शेजारी बगदाद टांगलेलं दिसतं आणि तोच शोध तिकडच्या रंगांत कसा चालला होता ते कळतं. हा विभाग घाईत उरकू नका. डिजिटल विभागात मात्र मी फार रमत नाही. पडदे मोठे, पण एकामागून एक पाहताना त्यांतलं वेगळेपण हरवतं. तरुण मुलांना तिथे सोडा, ती आनंदाने रमतात.

व्यासपीठावरच्या चर्चाही चुकवू नका. ग्लोबल आर्ट फोरम ही चर्चामाला मेळ्याच्या सुरुवातीपासून चालू आहे. पाय दुखू लागले की एक तास तिथे बसा.

फोटो काढताना कामाचे काढा, माणसांचे नको. परवानगीशिवाय अनोळखी माणसाचा फोटो काढणं अमिरातीत गुन्हा ठरू शकतो. कपड्यांबाबत फार ताण घ्यायला नको. साडी, कुर्ता, साधी पँट, काहीही चालतं, खांदे-गुडघे झाकलेले असावेत इतकंच.

किंमत कशी विचारायची

विचारायची, आणि बिनधास्त. "कॅन आय सी द प्राइस लिस्ट?" एवढं पुरतं. हिंदी समजणारी माणसंही बूथवर पुष्कळदा भेटतात. किंमत ऐकल्यावर चेहरा पाडू नका, हसून 'थँक यू' म्हणा. घ्यायचं नसताना किंमत विचारणं हा उद्धटपणा नाही. आकडा कळला की तरुण कलाकार आणि नावाजलेला कलाकार यांत बाजार काय फरक करतो ते समजतं, आणि आपल्याला आवडलेलं व महाग असलेलं यांचा संबंध नेहमी नसतो हेही ध्यानात येतं.

कलाकाराचं काम आणखी पाहायला मिळेल का, हे जरूर विचारा. गॅलरी दुबईतलीच असेल तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "अल कूझला या, तिथे आणखी आहे." मग रविवारचा बेत आपोआप ठरतो, फक्त ती गॅलरी रविवारी उघडी असते का तेही तिथेच विचारून घ्या. मुंबईहून आलेली गॅलरी असेल तर पत्ता लिहून घ्या, घरी आल्यावर लोकलने जाता येईल.

शनिवार: जद्दाफ आणि खाडी

मेळ्यानंतरचा दिवस सावकाश हवा. जद्दाफ या खाडीकाठच्या भागात जमील आर्ट्स सेंटर आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडलेलं. मंगळवारी बंद, इतर दिवशी विनामूल्य. मुंबईतही कचेरी असलेल्या सेरी आर्किटेक्ट्स या संस्थेने पांढऱ्या पेट्या एकमेकींवर रचाव्यात तशी ही इमारत बांधली आहे. मधल्या चौकांत वेगवेगळ्या देशांतली वाळवंटी झाडं लावलेली आहेत. ती बागच अर्धा तास घेते. वरच्या मजल्यावर कलाविषयक ग्रंथालय आहे, कुणीही बसून वाचू शकतं. मला अख्ख्या दुबईत सर्वांत आवडलेली खोली तीच. मुलांना चित्रांची मोठी पुस्तकं काढून द्या आणि तुम्ही कालच्या वहीतल्या नावांबद्दल वाचा.

दुपार कलल्यावर खाडीकडे. बर दुबई ते देरा एका दिरहॅममध्ये अब्रा, म्हणजे साधी लाकडी होडी. जुन्या अल फहिदी वस्तीत अरुंद बोळ आणि वारामनोऱ्यांची घरं. तिथे एक्सव्हीए ही गॅलरी आणि तिचंच शाकाहारी कॅफे अंगणात आहे. तिथे जेवा. हा दिवस इतकाच ठेवा.

रविवार: शारजा, नाहीतर पुन्हा मेळा

वर्ष विषम असेल तर शारजाला जा. शारजा द्वैवार्षिकी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, १९९३ पासून चालू आहे आणि जुन्या घरांत, अंगणांत, गोदामांत पसरलेली असते. विक्री नाही, घाई नाही. वसंतात ती चालू असण्याची शक्यता चांगली, पण तारखा पाहून निघा. सम वर्षीही शारजा आर्ट फाउंडेशनची प्रदर्शनं असतात. लूव्र अबू धाबी या संग्रहालयाला जायचं तर पूर्ण दिवस मोडतो आणि सोमवारी ते बंद असतं. वास्तुरचनाकार झां नूव्हेल यांचा १८० मीटर व्यासाचा घुमट आणि त्यातून गळणारा उजेड पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. पण चार दिवसांच्या बेतात मी तो कोंबणार नाही.

शुक्रवारी एखाद्या कामाने मनात घर केलं असेल तर शारजाही सोडा, पुन्हा मेळ्यात किंवा त्या कलाकाराच्या गॅलरीत जा. मेळ्याला दुसऱ्या दिवसाचं तिकीट लागेल, लागू दे.

काही घ्यायचंच असेल तर

बहुतेकांनी पुस्तक किंवा पोस्टर घ्यावं. गॅलऱ्या आणि जमीलच्या दुकानात प्रदर्शनांचे कॅटलॉग मिळतात, त्यांतले बरेच मुंबईत सापडत नाहीत. वजन जपा, दोन जाड पुस्तकांनी बॅग भरते. २५० दिरहॅमपेक्षा जास्त खरेदी नोंदणीकृत दुकानात झाली तर पर्यटकांना पाच टक्के व्हॅटचा परतावा मिळतो. पावती करतानाच पासपोर्ट दाखवून सांगावं लागतं, आणि विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी तपासणी करून घ्यावी लागते.

छोटं छापचित्र किंवा रेखाटन घ्यायचा बेत असेल तर तीन कागद मागा: पावती, कलाकाराच्या किंवा गॅलरीच्या सहीचं सत्यता प्रमाणपत्र, आणि एडिशन असेल तर तिचा क्रमांक. पैसे त्याच दिवशी देऊ नका. 'होल्ड' मागा, म्हणजे काम आपल्यासाठी राखून ठेवायला सांगा, एक रात्र जाऊ द्या. कागदावरचं काम फ्रेमशिवाय घ्या, कडक पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून हातातल्या सामानात ठेवा, फ्रेम ठाण्यात करून घ्या. मुंबईत उतरल्यावर शुल्कमाफीच्या मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर कस्टम्सच्या लाल मार्गिकेतून जाऊन पावती दाखवा आणि शुल्क भरा. मोठं काम असेल तर गॅलरीला पाठवणीची सोय आणि भारतातल्या शुल्कासह पूर्ण खर्चाचा आकडा लेखी मागा, नंतरच होकार द्या.

परतल्यावर वही कपाटात टाकू नका. नोव्हेंबरमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई भरतो, २०२३ पासून. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा दक्षिण मुंबईतल्या गॅलऱ्या एकदम नवी प्रदर्शनं उघडतात. दुबईत लिहिलेली नावं घेऊन तिथे जा आणि त्याच तीन फेऱ्या मारा.